आम्ही भरलेली टाकी

"हात जवळ घे वं, सांडून राहिलं सारं," मालगुजाराची सून म्हणाली, आणि पाण्याचा गडवा आणखी वर नेला.

मी दहा-अकरा वर्षांची असेन. भिवापूरच्या पुढं आमचं गाव. गावचा जमीनदार म्हणजे मालगुजार, त्याच्या अंगणात लाल मिरचीचा ढीग पडलेला आणि त्याच्याभोवती आम्ही बायका-पोरी देठ खुडत बसलेल्या. सकाळपासून. हे काम ज्यानं केलं नाही त्याला सांगून कळत नाही. आधी बोटांची पेरं चुरचुरतात, मग तळहात पेटतात, आणि चुकून डोळ्याला हात लागला तर माणूस बोंबलत सुटतो. दुपारी तहान लागली की ओसरीखाली जाऊन उभं राहायचं. मालगुजाराची सून वरच्या पायरीवर यायची. ती वरून पाणी ओतणार, आम्ही खाली ओंजळ धरणार. गिलास नाही, वाटी नाही. त्याच मिरचीच्या हातांची ओंजळ. पाणी हातातून तोंडात जाईपर्यंत तिखट होऊन जायचं. ओठ जळायचे, जीभ जळायची, घसा जळायचा. पाणी पिऊन तहान वाढायची.

त्या दिवशी मी थुंकले. सहन झालं नाही, थुंकले. ते तिच्या खालच्या पायरीवर पडलं.

"मिरची आमची, पानी आमचं, अन् नखरे पाहा यायचे," ती म्हणाली.

अंगणातली माणसं हसली. आमच्यातल्या पण दोघी-तिघी हसल्या, मालकीण हसली की हसावंच लागायचं. मायनं मला कोपरानं बाजूला सारलं, पदरानं ती पायरी पुसली, मग स्वतःची ओंजळ पुढं केली आणि घटाघटा प्यायली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मिरचीनं की कशानं, ते मी तिला कधी विचारलं नाही.

मायबापानं नागपूरला येऊन दीक्षा घेतली तेव्हा मी मायच्या कडेवर होते. घरातले देव त्यांनी टोपल्यात भरून नदीत सोडले. बापानं मेलेली ढोरं ओढणं सोडलं. आता आपण कोणाच्या पायरीखाली उभं राहत नाही, असं बाप छाती काढून सांगायचा. त्याचं म्हणणं खरं होतं. पण तहान मायला लागायची. घरून पाण्याची घागर नेली तर ती अंगणात ठेवू देत नव्हते, मिरचीला विटाळ होतो म्हणे. आम्ही खुडलेल्या मिरचीला आमच्या घागरीचा विटाळ!

लग्न होऊन मी नागपूरला आले. नवरा कापडगिरणीत, मी घरी बिड्या वळायची. बाप गेल्यावर मायला गावाहून आणली, तीही माझ्याजवळ बसून बिड्यांना दोरा गुंडाळायची. वस्ती सगळी आमचीच माणसं. मधोमध टिनाच्या छताचा विहार. मी नववीपर्यंत शिकलेली, म्हणून महिला मंडळात लिहायचं-वाचायचं काम माझ्याकडं. मंडळाच्या अध्यक्ष शेवंतामावशी. वय झालेली, अंगानं दणकट, सगळ्यांशी मिळवून घेणारी बाई. माझं तिच्या उलट. माझं तोंड लय चालते, हे वस्तीत पोट्ट्यासोट्ट्यांनाही माहीत. नवरा म्हणायचा, तुह्या तोंडापायी एक दिवस घरावर दगड येतीन.

वस्तीला नळ एकच, मोठ्या रस्त्याच्या कोपऱ्यावर. कन्हान नदीचं पाणी. सकाळी थोडा वेळ यायचं, आणि एप्रिल लागला की त्या थोड्या वेळातही निम्मा वेळ नुसती हवा फुसफुसायची. नळावर मी कोणाच्या झिंज्या ओढल्या नाहीत असं नाही. माझ्याही ओढल्या गेल्यात. ज्या बाईशी सकाळी शिवीगाळ झाली तिच्याच घरी दुपारी बिडीची पानं कापायला बसायचं. उन्हाळा असा काढायचा आम्ही.

आणीबाणी उठून वर्ष झालं असेल. शहरातल्या एका क्लबच्या बाया वस्तीत आल्या. क्लबचं नाव सांगत नाही, सांगून काय करायचं. त्यांच्या अध्यक्षीणबाई एका मोठ्या वकिलाच्या पत्नी. सुती साडी, गळ्यात मोत्यांची माळ, आणि बोलणं इतकं गोड की ऐकणारीला आपल्याच आवाजाची लाज वाटावी. त्यांनी सांगितलं की क्लब आमच्या मंडळाला एक टाकी देणार. विहाराच्या छताला कडेनं पन्हाळी लावायच्या, छतावर पडलेलं पावसाचं पाणी पाइपानं खाली आणायचं, रेती-गिट्टीतून गाळायचं आणि टाकीत साठवायचं. टाकीला नळ. पाऊस संपला तरी पुढं कित्येक दिवस ते पाणी पुरणार.

पावसाळ्यात वस्तीतली प्रत्येक बाई वळचणीला गंज, बालटी, घमेलं लावतेच. हे तेच, फक्त मोठं. आम्हाला लगेच पटलं. आणि मला ती बाई आवडली. खोटं कशाला बोलू? ती माझ्याशी बोलताना "तुम्ही" म्हणाली. मी लिहिलेला मंडळाचा अर्ज वाचून अक्षर सुंदर आहे म्हणाली. मी त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला ते दोनदा सांगितलं.

सिमेंट, पाइप, मिस्त्री क्लबचा. मेहनत आमची. पाया आम्ही खोदला. तिथला मुरूम असा की कुदळ मारली की उलटी कपाळावर यायची. विटा आम्ही वाहिल्या, रेती आम्ही चाळली, टाकी बांधून झाल्यावर दिवसातून तीनदा तिच्यावर पाणी मारलं. प्यायला पाणी नव्हतं तेव्हा आम्ही सिमेंटला पाजलं. बायका कुरकुरल्या नाहीत. आपली टाकी होऊन राहिली, असं जी-ती म्हणायची. माय तर रोज संध्याकाळी जाऊन टाकीच्या भिंतीवरून हात फिरवून यायची.

पन्हाळी विहाराच्या एका बाजूला लागल्या. दुसरी बाजू उद्घाटनानंतर करू, असं क्लबचा सुपरवायझर म्हणाला. आणि उद्घाटन ठरलं मे महिन्याच्या शेवटी. भर नवतपात, उन्हाळ्यातल्या सगळ्यांत कडक नऊ दिवसांत. आम्ही म्हटलं, पावसाच्या पाण्याची टाकी, पाऊस पडल्यावर करा ना कार्यक्रम. तर मुख्य पाहुणे दिल्लीचे कोणी मोठे साहेब होते आणि ते जूनमध्ये परदेशी जाणार होते. पाऊस काही त्यांच्यासाठी लवकर येणार नव्हता.

मग बाई स्वतः आल्या. शेवंतामावशीच्या घरी खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या की पाहुण्यांच्या हातून नळ उघडायचा आहे, तेव्हा टाकीत थोडं पाणी असलं पाहिजे. तुम्ही बायकांनी मनावर घेतलं तर सहज होईल.

बाई गेल्यावर आम्ही एकमेकींकडं पाहिलं. नवतपात टाकी भरायची? कुठून? पण शेवंतामावशी म्हणाली, पाहुणे येतील आणि नळ कोरडा दिसला तर आपलीच इज्जत जाईल. आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. आमच्या लोकांची ही खोडच आहे. घरात पीठ नसलं तरी शेजारून उसनं आणून पाहुण्याला पोळी घालतील, आणि स्वतः पाणी पिऊन झोपतील. शेकडो वर्षं आमच्या दाराशी पाहुणा म्हणून कोणी आलंच नव्हतं. आता येतो म्हणाला तर आम्ही काय काय करून बसतो. मीच सगळ्यांत आधी घागर उचलली.

टाकीचा नळ तळापासून थोडा वर बसवलेला. म्हणजे तिथपर्यंत पाणी चढलं नाही तर थेंब येणार नाही. कोपऱ्यावरच्या नळावरून घागर डोक्यावर आणायची, शिडी चढायची, वरच्या झाकणातून ओतायची. ओतलेलं पाणी तळात दिसायचंही नाही. नव्या सिमेंटनंच निम्मं पिऊन टाकलं असेल. दोन दिवस वस्तीचं सगळं पाणी टाकीत गेलं. घरी घोट घोट ठेवलं. आंघोळी बंद, धुणं बंद, भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची. शेजारची सुलोचना, तिचं लेकरू तापानं फणफणलेलं, तिनंही तिची घागर टाकीत ओतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नळातून धार आली आणि आम्ही बायकांनी टाळ्या वाजवल्या. आमचंच पाणी, एका बाजूनं ओतलेलं, दुसऱ्या बाजूनं आलं, आणि आम्हाला त्याचं कौतुक. एवढ्या भोळ्या आम्ही.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला तेव्हा वस्तीत कोणाच्याच घरी धड पाणी नव्हतं. टाकीतलं कोणी काढलं नाही. पाहुण्यांचं आहे, हात लावायचा नाही, असं शेवंतामावशीनं सगळ्यांना बजावलं होतं.

पाहुण्यांना शामियाना, खुर्च्या, वर पंखा. आम्ही शामियान्याच्या बाहेर, उन्हात, रांगेत. दहा वाजताचा कार्यक्रम बारा वाजता सुरू झाला. टाकीच्या भिंतीत संगमरवरी दगड बसवला होता. त्यावर क्लबचं नाव, पैसे देणाऱ्या शेटचं नाव, पाहुण्यांचं नाव. खाली बारीक अक्षरांत "गरजू भगिनींसाठी". आमच्या मंडळाला नाव होतं. विहाराच्या दारावर ते मीच रंगवलं होतं. दगडावर मात्र आम्ही नुसत्या गरजू.

भाषणं झाली. भाषणाच्या मधे पाहुणे पाणी प्यायले, ते गाडीतून आणलेल्या थर्मासातलं. एक जण म्हणाला की या भगिनींच्या दारात आज प्रथमच पाणी आलं आहे. मी फस्सकन हसले. शेवंतामावशीनं मला चिमटा काढला.

मग पाहुण्यांनी नळ उघडला. धार आली, टाळ्या पडल्या. अध्यक्षीणबाईंनी आणलेला चांदीचा गडवा साहेबांनी भरून घेतला. पेपरचा फोटोवाला इकडं-तिकडं नाचत होता. त्याला नुसता नळाचा फोटो नको होता. त्यानं पाहुण्यांना टाकीच्या जोत्यावर चढवलं. मग आमच्या रांगेवरून नजर फिरवली आणि मायपाशी येऊन थांबला. पांढरे केस, सुरकुत्या, रापलेलं तोंड. त्याला हवी होती तशी म्हातारी.

"आजी, तुम्ही या. इथं खाली, साहेबांसमोर. हां. आता ओंजळ करा."

मायनं एकदा वर पाहिलं. मग पदर सावरला, कमरेतून वाकली, आणि तिचे हात आपोआप वर आले. कोपरं जुळली, बोटं मिटली. पाणी नाकात जाऊ नये म्हणून तिनं मान तिरपी केली. कोणी शिकवावं लागलं नाही. नागपुरात येऊन तिला इतकी वर्षं झाली, कोणाच्या पायरीखाली ती उभी राहिली नव्हती. पण हात काहीच विसरले नव्हते.

वर साहेब, हातात गडवा. खाली माझी माय.

माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली, मला काही कळेना, असं मी म्हणणार नाही. मला सगळं कळत होतं. मी रांगेतून पुढं गेले आणि मायचे दोन्ही हात धरून खाली दाबले. जोरात दाबले. माझ्या बांगड्या वाजल्या.

"ताई, बाजूला व्हा," फोटोवाला म्हणाला.

"गिलासात द्या," मी म्हटलं.

अध्यक्षीणबाई हसत हसत पुढं आल्या. मी काही लाडात बोलले असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, नुसता फोटो आहे. देणारा आणि घेणारा दोघंही दिसायला हवेत ना?"

त्या दिवशी मी "अगं" झाले होते. आणि माझी मंडळाची, नववी पास, सुंदर अक्षराची सगळी ऐट उतरली. मी मायच्याच बोलीत बोलले.

"मंग साहेबाले म्हना, खाली उतरा अन् ओंजळ करा. मी वरून ओततो. पानी त आमी भरलं हाय."

पंखा तेवढा फिरत होता. साहेबांना मराठी येत नव्हतं. त्यांनी विचारलं, क्या कह रही है? कोणी सांगेना. मग मीच सांगितलं. नागपूरच्या माणसाला हिंदी येतेच. साहब, ये बारिश का पानी नहीं है, दो दिन से हमने सिर पे ढोया है, हमारे घर में आज पीने को नहीं. साहेबांनी गडव्यात पाहिलं, जसं काही त्यात काही पडलं आहे. तो खुर्चीवर ठेवला. घड्याळ पाहिलं.

मी बाईंचा चेहरा पाहिला. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या दुखावल्या होत्या. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. त्यांना मनापासून वाटत होतं की त्यांनी आमचं भलं केलं आणि मी त्यांचा अपमान केला. मालगुजाराच्या सुनेला निदान माहीत होतं ती काय करते आहे ते. या बाईला ते माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची गरजही वाटत नव्हती. मला त्याचीच जास्त चीड आली.

"तुम्हा लोकांसाठी कितीही करा," त्या म्हणाल्या. इतके दिवस गोड बोलण्याखाली झाकून ठेवलेलं ते एकदाचं बाहेर आलं.

गाड्या निघून गेल्या. शामियाना सुटला. जाता जाता सुपरवायझरनं नळावर बसवलेल्या लोखंडी पेटीला कुलूप लावलं, वरच्या झाकणालाही लावलं. काम अजून अपुरं आहे, टाकी अजून तुमच्या ताब्यात दिलेली नाही, असं म्हणाला. आत आमचं पाणी होतं. त्यानं किल्ल्या खिशात टाकल्या आणि स्कूटरला किक मारली.

घरी आले तर माय भिंतीकडं तोंड करून बसलेली. मी तिच्यापाशी बसले. मला वाटलं, ती म्हणेल, बरं केलं माय. मनातल्या मनात मी स्वतःला शाबासकी देतच होते.

"तहान लागली होती वं मले," ती म्हणाली. "सकाळपासून उभी होती."

मी उठून घागर हलवून पाहिली, कोरडी.

"त्या मालगुजाराच्या सुनेनं बी कदी माहे हात धरले नाई. तू धरले. साऱ्या लोकाइसमोर."

आजवर कोणाच्या बोलण्यानं मी रडले नाही, त्या दिवशी रडले. लाज वाटली. मी मायसाठी केलं होतं की माझ्या स्वतःच्या जळक्या तोंडासाठी, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं. घरात तिला द्यायला गिलासभर पाणी नव्हतं. नवरा सायकलवर कॅन बांधून गिरणीच्या नळावरून घेऊन आला, तेव्हा ती प्यायली.

दुसऱ्या दिवशी मंडळ विहारात जमलं. मला कोणी बोलावलं नव्हतं, मी गेले. सकाळी कोपऱ्यावरच्या नळाला थेंब आला नव्हता, त्यामुळं बायका आधीच तापलेल्या. सुलोचना लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही, मावशीशी बोलल्यासारखं बोलली, की ही बोलून मोकळी झाली, माझ्या लेकराच्या कपाळावर पट्टी ठेवायला पाणी नाही. तिचं काही चूक नव्हतं.

शेवंतामावशी सकाळीच बाईंच्या घरी जाऊन आली होती. फाटकाशी उभी राहून बोलून आली. तिनं निरोप सांगितला. बाई रविवारी परत येणार. पाहुणे नाहीत, भाषणं नाहीत, फक्त फोटो. क्लबच्या अहवालात छापायला तो लागतोच. त्याच आजी, तीच ओंजळ. फोटो झाला की कुलूप निघेल, दुसऱ्या बाजूच्या पन्हाळीही लागतील. अट एकच, ती तोंडाळ बाई तिथं दिसायला नको.

कोणी माझ्याकडं पाहिलं नाही. सगळ्या मायकडं पाहत होत्या. ती खांबाला टेकून बसली होती. मी म्हटलं, तिला विचारू नका, ती येणार नाही.

"तू चूप बस," माय म्हणाली. मग मावशीकडं वळली. "मी येतो. एक ओंजळ त करायची हाय. मले सवय हाय."

अगदी साधेपणानं म्हणाली. कोणाला टोमणा नव्हता त्यात. भाजी निवडायला येते म्हणावं तशी म्हणाली. आणि बायकांनी सुस्कारा सोडला, मी ऐकला तो. वस्तीची तहान एका म्हातारीच्या दोन हातांवर भागत होती, तर कोणाला नको होतं?

मी उठले. घरी गेले. पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि टाकीपाशी आले. मागून मावशी ओरडत आली, वेडी झाली का, पोलीस येतील, पन्हाळी जातील, सगळं जाईल. मी तिला म्हटलं, जाऊ दे. तिनं माझा दंड धरला. तिची ताकद माझ्यापेक्षा जास्त. पण मला त्या दिवशी कोणी धरू शकलं नसतं. पहिला घाव पेटीवर बसला, दुसरा माझ्या अंगठ्यावर. मग कुलूप तुटलं.

मी सुलोचनाला हाक मारली, आधी तू भर. ती थोडा वेळ उभी राहिली, मग घागर घेऊन आली. तिच्यामागं बाकीच्या. रांग लागली, धक्काबुक्की झाली, नेहमीची शिवीगाळ झाली. मी गिलास भरला आणि विहारात मायला नेऊन दिला. माझ्या अंगठ्याचं रक्त गिलासाला लागलेलं, ते तिनं पदरानं पुसलं. प्यायली. उभ्यानं, मान वर करून प्यायली.

"आनखी एक आन," ती म्हणाली. यापलीकडं त्या विषयावर ती पुढं कधी काही बोलली नाही.

रविवारी बाई आल्या नाहीत. सुपरवायझर आला, दोन माणसं आणि एक हातगाडी घेऊन. कुलूप कोणी तोडलं विचारलं. मी म्हटलं, मी तोडलं, लिहा काय लिहायचं ते. त्यानं काही लिहिलं नाही. पन्हाळी काढल्या, पाइप काढले, लोखंडी पेटी काढली. संगमरवरी दगडही पहारीनं उचकटून नेला. टाकी नेता आली नाही, म्हणून राहिली.

यापुढचं मी गोड करून सांगणार नाही. पाऊस आला. विहाराच्या छतावरून पाणी धो धो पडलं आणि टाकीच्या शेजारून नालीत वाहून गेलं. आम्ही पन्हाळीसाठी धडपड केली, पैसे जमले नाहीत. पुढचा उन्हाळा आधीसारखाच गेला, उलट जास्त वाईट. नळावर भांडण झालं की बायका माझ्या तोंडावर म्हणायच्या, तुह्या एकटीच्या तोंडापायी आमची टाकी गेली. मी उलट बोलायची नाही. माझ्यासारखी तोंडाळ बाई, ऐकून घ्यायची. त्यांच्या डोक्यावरच्या घागरीचं वजन खरं होतं. शेवंतामावशी वर्षभर माझ्याशी धड बोलली नाही. रात्री झोप यायची नाही तेव्हा मलाही वाटायचं, एक फोटोच तर होता. मायला सवय होती.

मग मी तेच पुन्हा मनात म्हणून पाहायची. मायला सवय होती. आणि माझ्या अंगाची आग आग व्हायची. ही सवय तिला कोणी लावली? आणि तिच्यानंतर ती कोणाला लागणार होती? माझी मोठी पोरगी त्या दिवशी रांगेत माझ्या मागंच उभी होती. तिनं आजीचे हात वर येताना पाहिले होते.

आता आमच्या वस्तीत द्यायला येणारे पुष्कळ आहेत. कोणी शिलाई मशीन घेऊन येतं, कोणी चादरी, कोणी चष्मे. हात जोडून येतात, गोड बोलतात. मंडळाची सभा भरते. बायका खूश असतात, त्यांनी का असू नये? सगळं बोलून झालं, चहा झाला, की मी उभी राहते. मी उभी राहिले की बायकांच्या कपाळाला आठी पडते. आली ही, म्हणतात. मी तरी विचारते. आमच्या घरचा चहा घेतला का तुम्ही? आम्ही खुर्चीवर बसणार की उन्हात? दगडावर मंडळाचं नाव राहणार की नाही? आणि फोटो कसा काढणार, ते आत्ता सांगा, माझ्यासमोर उभं राहून करून दाखवा.

काही जण हसून टाळतात. काही चिडतात. एक-दोघांनी नीट उत्तर दिलं, त्यांचं आम्ही घेतलं. बाकीच्यांना मी दार दाखवते. मशीन परत जाते, चादरी परत जातात. वस्ती मला शिव्या देते. देऊ दे. मी मरेपर्यंत हे विचारणार आहे, आणि मी मेल्यावर विचारायला माझ्या पोरीला शिकवून ठेवलं आहे.